एक बोट अंतर

चष्म्याच्या दुकानातला मुलगा दर वेळी माझ्या नाकाशी झगडतो. फ्रेम सरळ बसवली की ती एका बाजूने वर जाते. मग तो दांडी वाकवतो, पुन्हा चढवतो, लांब जाऊन बघतो आणि शेवटी अदबीने विचारतो, "आजी, कधी पडला होतात का?" मी हो म्हणून मोकळी होते. खरं सांगायला बसले तर त्याची दुकान बंद करायची वेळ व्हायची. माझं नाक किंचित डावीकडे गेलेलं आहे. ते तसं गेलं तेव्हा मी अकरावीत होते आणि या जगात जेवढ्या म्हणून गोष्टींना घाबरता येतं, तेवढ्या सगळ्यांना इमानेइतबारे घाबरत होते.

हा घाबरटपणा आमच्या घरात अण्णांकडून आला. अण्णा म्हणजे माझे वडील. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते. दारावर थाप पडली की हातातला घास ताटात परत ठेवायचे. तार आली तर फोडायच्या आधी खाली बसून घ्यायचे. साहेबाचं नुसतं नाव निघालं, तरी त्यांचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे जायचा आणि मान आपोआप खाली यायची. साहेब चार मैलांवर आपल्या घरी झोपलेला असला तरीसुद्धा. आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची आणि तिला कशाचीच भीती वाटत नसे, सापाचीही नाही. ती म्हणायची, "तुम्ही दोघं बापलेक मिळून एका मांजराला घाबरवू शकणार नाही, पण घाबरायला मात्र दहा माणसांना भारी आहात." अण्णा हसायचे आणि हसता हसता कडी नीट लागली आहे ना, ते बघून यायचे.

आम्ही इंदिरानगरात राहायला आलो तेव्हा तिथे नगर म्हणण्यासारखं काही नव्हतं. प्लॉटांच्या हद्दीचे दगड होते, कमरेएवढं गाजरगवत होतं आणि मध्ये मध्ये एकेक घर, अंग चोरून बसलेलं. आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली अण्णांची लोखंडी खाट. आतल्या खोलीत सकाळी स्टोव्ह पेटला की त्याच्या फरफरीत बाकीचं सगळं बुडून जायचं. तो बंद झाला की मात्र बाहेरचे आवाज एकेक करून आत यायचे. आग्रा रोडवरच्या ट्रकांची घरघर, कुत्री, गवतातली सळसळ. दिवसा ओझरकडून विमानं यायची आणि तावदानं थरथरायची. ते विमान आमच्याच घरावर पडणार आहे याबद्दल माझ्या मनात शंका नसे. मी पुस्तक मिटून खाटेखाली जायचे. मोठी घोडी झाले होते, तरी जायचे. कधी कधी अण्णा आधीच खाली वाकून माझ्यासाठी तिथल्या चपला बाजूला सारत असायचे.

अशा माणसाने मुलीला कराटेच्या क्लासला का घालावं, हे आईला कधी कळलं नाही. मला बऱ्याच उशिरा कळलं. एका शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिकं झाली होती आणि अण्णा सायकलवरून येताना कुंपणाशी थांबून ती बघत राहिले होते. त्या काळी नाशकात कराटेचं भलतंच वेड आलं होतं. पोरं गल्लीत एकमेकांना लाथा मारत आणि घरी मार खात. पण अण्णांना कौलं फोडणं वगैरे काही आवडलं नव्हतं. त्यांना आवडलं होतं ते वाकणं. घरी आल्यावर त्यांनी आईला तीनदा सांगितलं, की एक मोठा दांडगा माणूस आणि एक चिमुरडा पोरगा समोरासमोर आले, तर दांडगा माणूस आधी वाकला. कमरेतून वाकला. मग पोरगा वाकला. "समोरचाही वाकतो, बरं का," अण्णा म्हणाले. आई भाकरी थापत होती, ती म्हणाली, "आणि मग लाथ घालतो." पण पुढच्याच आठवड्यात तिने जाड मांजरपाट आणून माझा कराटेचा ड्रेस शिवला. कापड इतकं कडक होतं की मी चालले की मांड्यांशी खरखर वाजायचं.

क्लास सकाळी सहाला, एका शाळेच्या हॉलमध्ये. अण्णा मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. नाशकातली थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना त्या शहाबादी फरशीची कल्पना येईल. चपला दाराबाहेर काढून पाय आत टाकला की गार कळ थेट गुडघ्यापर्यंत जायची. शिकवायला दळवी सर होते. ठेंगणे, डोक्यावर विरळ केस, दिवसभर सातपूरला एका कारखान्यात लेथवर काम करायचे. त्यांच्या बोटांना तेलाचा वास यायचा. आवाज कधी चढायचा नाही, आणि त्यामुळेच मला त्यांची जास्त धास्ती वाटायची. ओरडणारा माणूस आता काय करणार ते निदान कळतं.

क्लासचे नियम सर सांगत नसत, ते दिसत जायचे. उंबऱ्यावर वाकायचं. सगळ्यांत जुना तो पहिल्या रांगेत, सगळ्यांत नवा तो शेवटच्या रांगेच्या टोकाला, जिथे दारातून वारा येतो तिथे. नव्याचा पट्टा पहिल्या दिवशी जुन्याने बांधायचा, तोही गुडघ्यावर बसून. समोरासमोर आले की जुन्याने आधी "ओस" हा कराटेतला नमस्कार म्हणायचा आणि वाकायचं, मग नव्याने. नव्याला मारायचं नाही, ढकलायचं नाही. आणि चुकून लागलंच तर दोष जुन्याचा, मग नव्याने काहीही केलेलं असो. त्या जुन्याने आपला रंगीत पट्टा सोडून सरांच्या टेबलावर ठेवायचा, पांढरा बांधायचा आणि तीन महिने सगळ्यांत शेवटी, नव्याच्याही पलीकडे उभं राहायचं. आणखी एक नियम असा, की नव्याला नावाने हाक मारत नसत. मुलगा असला तर "नवा", मुलगी असली तर "नवी". तीन महिन्यांनी भिंतीला उभं राहिल्यावर नाव विचारायचे.

ही भिंत म्हणजे हॉलची मागची भिंत, जिच्यावर फळा होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्याने फळ्याच्या बाजूला पाठ टेकून उभं राहायचं, हात मांड्यांशी, डोळे उघडे. समोरून एका जुन्याने "ओस" म्हणायचं, आणि त्याची मूठ पूर्ण वेगाने चेहऱ्यावर यायची आणि नाकापासून एका बोटाच्या अंतरावर थांबायची. खरोखर एक बोट. सर पुढे येऊन आपलं तर्जनीचं बोट मूठ आणि नाक यांच्यामध्ये आडवं घालून बघायचे. नव्याने एवढंच करायचं, की हलायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत आणि त्या "ओस"ला उत्तर म्हणून वाकायचं नाही. तो नमस्कार नसतो, इशारा असतो. मला हे चार वेळा सांगितलं होतं. चारही वेळा मी मान डोलावली होती.

सप्टेंबरपासून त्या भिंतीने माझी झोप घालवली. वर्गात गणिताचे मास्तर फळ्याकडे वळले की मला तो दुसरा फळा दिसायचा. जेवताना ताटावरून मान वर केली आणि समोर आईचा हात अचानक आला, पाणी द्यायला का होईना, की माझे डोळे मिटायचे. दिवसात किती वेळा डोळे मिटले ते मी मोजायला लागले होते. क्लासमध्ये जुने लोक हवेत ठोसे मारायचे तेव्हा बाह्यांचा फट्ट असा आवाज व्हायचा, आणि चाळीस बाह्यांचा तो आवाज एकदम आला की मी नकळत दाराकडे सरकायचे. अण्णांना मी काही सांगत नव्हते, आणि अण्णा काही विचारत नव्हते. कॅरिअरवर बसल्यावर मी त्यांचा स्वेटर मागून घट्ट धरायचे तेवढंच.

भिंतीला माझ्यासमोर निर्मलाताई असणार होती. तिनेच पहिल्या दिवशी माझा पट्टा बांधला होता. बावीसेक वर्षांची, रुंद खांद्यांची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. घोटीच्या तांदूळवाल्यांच्या घरातली; शिकायला म्हणून नाशकात मामाकडे राहिली होती आणि बी. कॉम. झाल्यावरही कराटेपायी राहिली होती. कमरेला तपकिरी पट्टा. जानेवारीत मुंबईला काळ्या पट्ट्याची परीक्षा होती, आणि आमच्या क्लासमधून तिथवर पोचलेली ती पहिलीच मुलगी. माझ्यासमोर गुडघ्यावर बसून गाठ मारताना तिने वर बघितलं होतं. इतकी मोठी मुलगी माझ्या पायाशी बसलेली बघून मी मागे सरकले, तर तिने पट्टा धरून मला पुढे ओढलं. "घाबरू नको गं," ती म्हणाली. "लय पोरं उभी केल्यात मी त्या भिंतीला. कुणाला कधी लागलं नाय. तू नुसती उभी राहा, बाकीचं माझ्याकडं."

डिसेंबरचा पहिला रविवार आला. मी भिंतीला टेकले. फळ्याखालच्या खडूची भुकटी हाताला लागली, ती अजून आठवते. क्लास दोन्ही बाजूंना बसलेला. निर्मलाताई समोर आली, पाय रोवले, मूठ कमरेशी नेली. सर काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "ओस."

आणि मी वाकले. तीन महिने रोज सकाळी ती "ओस" म्हणाली होती आणि मी वाकले होते. त्याआधीची सोळा वर्षं मी अण्णांना वाकताना बघितलं होतं. घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही, सवय चालते. मागे भिंत होती म्हणून मान मागे जाऊ शकली नसती. पुढे जाऊ शकत होती, आणि गेली. वीतभरही नाही, चार बोटं असेल. डोक्याच्या आत सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला. मग गरम काहीतरी ओठांवर आलं, आणि आईने शिवलेल्या मांजरपाटावर लाल ठिपके पडताना मी पाहिले. दुखायला नंतर लागलं.

सरांनी माझं डोकं धरलं, कोणीतरी कापूस आणला. त्या गडबडीतही मला दिसत होतं, की निर्मलाताई होती तिथेच उभी आहे आणि आपल्या मुठीकडे बघते आहे. तिने स्वतःच पट्ट्याची गाठ सोडली, त्याची नीट घडी केली, टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात जोडून मला म्हणाली, "माझा हात चुकला." मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, की हात नाही चुकला. पण तोंडात रक्त होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील नवीला एवढंही जमलं नाही. मी तोंड मिटलं. तेव्हा तोंडात रक्त होतं हे खरं आहे. पुढचे बारा दिवस नव्हतं.

सर स्वतः मला रिक्षाने घरी घेऊन आले. आईने नाक बघितलं, दोन बोटांनी चाचपलं, डॉक्टरांकडे नेलं. अण्णा आणि सर मागे राहून अंगणात बराच वेळ बोलत होते. आम्ही परत आलो तेव्हा सर गेले होते, आणि अण्णा खाटेवर ताठ बसून होते. त्यांनी एकच सांगितलं, की कराटे बंद. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या सुजलेल्या तोंडाने हसायला गेले आणि कळ येऊन रडले. आता पहाट नाही, फरशी नाही, भिंत नाही. आठवडाभर मी अंथरुणात पडून भाताची पेज प्यायले आणि विमानं आली तरी कोणी मला काही म्हटलं नाही.

आठव्या दिवशी मी शिकवणीला निघाले तेव्हा अजून पुरतं उजाडलं नव्हतं, आणि वाट त्या शाळेवरून जायची. खिडकीला जाळी होती. मी जाळीतून आत बघितलं. शेवटच्या रांगेच्या टोकाला, दारातून वारा येतो तिथे, आठ-नऊ वर्षांच्या दोन पोरांच्याही पलीकडे, निर्मलाताई पांढरा पट्टा बांधून उभी होती आणि पहिला धडा गिरवत होती. तिची मूठ पुढे जायची, पण शेवटी फट्ट वाजत नव्हती. अर्ध्यात मंदावत होती. मी जाळी सोडून पळाले. त्या दिवसापासून मला नवीनच भीती लागली. मार बसण्याची नव्हे, तर कोणीतरी मला विचारेल याची. कोणी विचारत नव्हतं. ते तर फारच वाईट होतं.

आज माझी नात विचारते, की तू सरळ जाऊन सांगितलं का नाहीस. तिला ते सोपं वाटतं, आणि तिच्या वयाच्या मुलीला ते सोपं वाटतं याचा मला आनंदच आहे. मी रोज सांगायचं ठरवत होते. रोज सकाळी वाक्य जुळवायचे आणि रोज दुपारपर्यंत त्या वाक्यात माझ्या बाजूचं काहीतरी शिरायचं. "मला नीट दिसलं नाही." "मला वाटतं मी थोडीशी हलले असेन." संध्याकाळपर्यंत वाक्य असं व्हायचं, की त्यात मी काही केलेलंच नसायचं.

मग निर्मलाताई घरीच आली. संध्याकाळची वेळ, आई कंदिलाची काच पुसत होती, कारण वीज गेली होती. मी आतल्या खोलीत होते. दारावर थाप पडली, बाहेर अण्णांची खाट करकरली. मग तिचा आवाज. घोटीहून नवा तांदूळ आला होता, त्यातली एक पिशवी ती घेऊन आली होती. पेजेला बरा असतो, म्हणाली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. पिशवी ठेवून ती अण्णांसमोर उभी राहिली आणि क्लासमध्ये वाकतात तशी कमरेतून वाकली. "काका, माझा हात चुकला. असं कधी झालं नव्हतं. कसं झालं मला अजून कळत नाय."

अण्णा घाबरून उभेच राहिले. त्यांच्यासमोर असं कोणी वाकलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. "अहो, नको, नको," म्हणत तेही वाकले, तिच्याहून खाली, आणि मग दोघंही तसेच राहिले. आईनेच तिला बसवलं, चहा टाकला, आणि आईच्या पद्धतीने सरळ विचारलं की परीक्षेचं काय. निर्मलाताई कपाकडे बघत बोलली. "यंदा नाय जमायचं. तीन महिने पांढराच बांधायचा हे. अन मे महिन्यात लगीन हे माझं, मालेगावला. घरच्यांनी परीक्षेपुरतंच थांबायचं कबूल केलं होतं. तिकडं गेल्यावर कोण जाऊ देतंय." कप खाली ठेवून म्हणाली, "आन खरं सांगू का काकू, पट्ट्याचं जाऊ द्या. मूठच पुढं जात नाय आता. वाटतं, परत कुणाला लागंल."

मी पडद्यामागे दोन हातांच्या अंतरावर होते. दोन पावलं टाकली असती तर पुरलं असतं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि ती जाईपर्यंत श्वाससुद्धा हळू घेतला.

रात्रीच्या जेवणाला आईने त्याच तांदळाची पेज केली. वर तूप, बाजूला भाजलेल्या लसणाची चटणी. कंदिलाच्या उजेडात वाफ दिसत होती. मी एक घोट घेतला आणि तो खाली जाईना. आई म्हणाली, "दुखतंय का?" आणि मग मी बोलले. एकदम बोलले, सकाळच्या वाक्यासारखं, त्यात काही न घालता. ती ओस म्हणाली आणि मी वाकले. तिची मूठ बरोबर होती. मीच तिच्या मुठीवर गेले.

आईने हातातली वाटी खाली ठेवली. मला वाटलं ती मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण बोलले ते अण्णा, आणि ते माझ्याकडे न बघता बोलले. "सर त्याच दिवशी मला सांगून गेले होते. नवी मुलगी आपण होऊन त्याच भिंतीला, त्याच मुलीसमोर पुन्हा उभी राहिली आणि नीट पार पडली, तर त्या मुलीला तिचा पट्टा परत मिळतो. मात्र क्लासमधल्या कोणी नवीला हे सांगायचं नाही, असा त्यांचा नियम. भरीला पाडल्यासारखं होतं म्हणे." त्यांनी आपली वाटी सरकवली. "मी क्लासमधला नव्हतो. मी सांगू शकलो असतो."

"मग?" आईने विचारलं.

"मग काय," अण्णा म्हणाले. "हिचं नाक बघितलं."

आई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिने मांजराचं ते नेहमीचं वाक्य उच्चारलं नाही. मग ती उठली आणि पेटीतून माझा ड्रेस काढला. रक्ताचे डाग तिने धुऊन घालवले होते. फक्त गळ्याशी एक पिवळट खूण राहिली होती.

सकाळी अण्णांनी सायकल काढली. मी ड्रेस घालून तयार होते. धुकं इतकं होतं की पुढचं चाक दिसत नव्हतं. मी त्यांचा स्वेटर धरला, तर स्वेटराखाली त्यांची पाठ थरथरत होती. थंडीने की कशाने, मी विचारलं नाही, कारण माझे दात वाजत होते आणि तेही थंडीने नव्हते. शाळेपाशी ते नेहमीसारखे परत फिरले नाहीत. सायकल भिंतीला लावली, चपला काढल्या आणि माझ्या मागोमाग येऊन दारात उभे राहिले. मी उंबऱ्यावर वाकले आणि सरांना म्हणाले, "मला भिंतीला उभं राहायचं आहे." कोणासमोर, हे सरांनी विचारलं नाही. त्यांनी शेवटच्या रांगेकडे नुसतं बघितलं.

निर्मलाताई पुढे आली, पण तिच्या पावलात जोर नव्हता. मी फळ्याशेजारी पाठ टेकली. ज्या मुठीने नाक मोडलं ती पुन्हा समोर होती, आणि मला ती आधीपेक्षा मोठी दिसत होती. नाकाच्या आत जुनी कळ आपोआप जागी झाली. ती म्हणाली, "ओस." मी हलले नाही. मूठ निघाली आणि वीतभर अलीकडेच थांबली. सरांनी बोट घातलं, मग अख्खा पंजा घातला. "इथे माझा हात जातो," ते शांतपणे म्हणाले. "पुन्हा." दुसऱ्यांदा मूठ आणखीच अलीकडे थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तोवर मला वाटायचं की भीती फक्त आमच्या घरात राहते. ही एवढी मोठी, रुंद खांद्यांची मुलगी माझ्या नाकाला घाबरली होती, आणि ती भीती मी तिला दिली होती, बारा दिवस गप्प बसून.

भिंतीला उभ्या असलेल्या नव्याने बोलायचं नसतं. मी बोलले, आणि आवाज चिरका निघाला. "ताई, तेव्हा मी वाकले होते. तुमची मूठ बरोबर होती. आता नाही वाकणार."

सरांनी मला गप्प केलं नाही. मी वाकले होते हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं होतं की नाही, ते मला कधीच कळलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. निर्मलाताई माझ्याकडे बघत राहिली. रागावली असेल, तिला हक्क होता. मग तिने श्वास घेतला, पाय पुन्हा रोवले, आणि या वेळी "ओस" असं म्हणाली की फळा हलल्यासारखा वाटला. वाऱ्याचा झोत माझ्या तोंडावर आला. बाही फट्ट वाजली. माझे डोळे उघडे होते, कारण मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, तिचे मिटतात की काय म्हणून. सरांचं तेलकट वासाचं बोट मध्ये आलं. ते बरोबर बसलं.

"नाव?" सर म्हणाले.

मी नाव सांगितलं. क्लासने ते एकदा मोठ्याने म्हटलं. निर्मलाताई माझ्यासमोर वाकली. आता उत्तर द्यायचं होतं. मी आधी तिच्या मुठी खाली गेल्या आहेत याची नीट खात्री करून घेतली आणि मगच वाकले. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी मान वर केली तेव्हा ती टेबलाकडे चालली होती, आपला पट्टा घ्यायला. जानेवारीत ती मुंबईला जाऊन काळा पट्टा घेऊन आली, आणि मे महिन्यात लग्न होऊन मालेगावला गेली. तिकडे तिला कोणी क्लासला जाऊ दिलं नाही, हे तिने आधीच ओळखलं होतं. पण पट्टा तिच्या कपाटात आहे. मी पाहिला आहे, दोनदा.

मी बाहेर आले तेव्हा अण्णा चपला घालत होते आणि त्यांना त्या डाव्या-उजव्या कळत नव्हत्या. सायकल हातात धरून आम्ही थोडं चालत गेलो. धुकं विरळ झालं होतं. कोपऱ्यावर त्यांनी कबूल केलं, की तिन्ही वेळा त्यांनी डोळ्यांवर हात धरले होते, त्यांना काहीच दिसलं नव्हतं. "किती लांब थांबते ती मूठ?" त्यांनी विचारलं. मी रस्त्यातच थांबले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मूठ वळली. त्यांनी सायकल कमरेला टेकवली, वरचं बटण लावलं आणि लगेच डोळे गच्च मिटून घेतले. पण मागे सरले नाहीत, वाकलेही नाहीत. मी मूठ हळूच पुढे नेली, त्यांच्या नाकापासून एका बोटाच्या अंतरावर आणली, आणि ते डोळे उघडेपर्यंत तिथेच धरून ठेवली.